विमानातल्या रोटरी इंजिनाचा एक्झॉस्ट पुन्हा पुन्हा तडकतोय? वेल्डिंगची टॉर्च पेटवण्याआधी काय तपासायचं

रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, आणि एक्झॉस्ट म्हणजे त्याचा धुराचा पाइप. आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं तुमच्यासाठीच आहे.

इंजिन थंड असताना एक्झॉस्टच्या फ्लँजपाशी (इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीपाशी), वेल्डच्या अगदी कडेनं किंवा पहिल्या बेंडच्या पोटात केसासारखी रेघ दिसते आणि तिच्या बाजूला राखाडी किंवा काळी भुकटी बसलेली असते. सुरू केल्या केल्या टिकटिक असा आवाज येतो आणि इंजिन तापलं की तो नाहीसा होतो. सायलेन्सरवर मूठ आपटली की आत काहीतरी खुळखुळतं. जमिनीवर फुल थ्रॉटल दिल्यावर पूर्वी मिळायचे तेवढे आरपीएम मिळत नाहीत. काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आतला रंग एका ठिकाणी भाजलेला असतो, जवळच्या वायरीचं स्लीव्ह हाताला कडक लागतं. एका रोटरची ईजीटी (एक्झॉस्ट वायूचं तापमान) दुसऱ्यापेक्षा सतत वर असते. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे हीटर चालू केल्यावर डोकं जड होतं किंवा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर बोलायला लागतं.

भाजलेलं काउल, खुळखुळणारा सायलेन्सर आणि सीओ, या तिघांपैकी एक जरी असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत विमान जमिनीवरच राहू द्या. सायलेन्सरच्या आतली जाळी तुटून बाहेरच्या तोंडाशी अडकली तर ताकद क्षणात जाते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. प्रमाणित विमानांच्या नियमांतही केबिनमध्ये त्याची मर्यादा २०,००० भागांत १ भाग, म्हणजे ५० पीपीएम, एवढीच धरलेली आहे. नाशिकला एरवी केबिन हीटर कुणाला आठवत नाही, पण निफाडकडची डिसेंबर-जानेवारीतली सकाळ ज्यानं अनुभवली आहे तो हीटरची खिटी ओढतोच. पाइपभोवतीच्या हीटरच्या आवरणाखाली तडा असेल तर तो नेमका तेव्हा कळतो.

आमचं अंबड एमआयडीसीतलं शेड मुळात वाइनरी आणि डेअरीच्या स्टेनलेस टाक्या-पाइपिंगचं. घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींचे रोटरी इंजिनाचे एक्झॉस्ट तिथं दुरुस्तीला येऊ लागले, आणि जवळपास प्रत्येकाच्या पाइपवर आधीच्या दोन-तीन वेल्डचे थर असतात. बहुतेकांची समजूत अशी की वेल्डर कच्चा होता. क्वचित तसं असतंही. पण बऱ्याचदा पाइप एकतर हवा त्यापेक्षा जास्त तापतोय, नाहीतर तापल्यावर त्याला हलायला जागा नाही. ही दोन कारणं तशीच ठेवून कितीही सुंदर मणी (वेल्डची रेघ) ओढला तरी तडा त्याच्या शेजारून पुन्हा येणार.

रोटरीतच हे का होतं

पिस्टन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. रोटरीत व्हॉल्व्हच नाही. रोटरचं टोक पोर्टवरून सरकलं की पोर्ट एकदम उघडतं आणि अजून जळत असलेला वायू थेट पाइपमध्ये घुसतो. माझदाच्या १३बी सारख्या दोन रोटरच्या इंजिनात प्रत्येक रोटर शाफ्टच्या दर फेऱ्याला एक धक्का देतो, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २०० धक्के. पोर्टपाशी तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास सहज जातं, कधी त्याहूनही वर. गाडीत एवढी ताकद माणूस थोडा वेळ वापरतो. विमानात चढताना आणि नंतरही इंजिन मोठ्या ताकदीवरच चालतं, पाइपला थंड व्हायला उसंत मिळत नाही. म्हणून गाडीवर वर्षानुवर्षं टिकलेला हेडर (पोर्टपासून निघणारा पहिला पाइप) विमानावर तग धरेलच असं समजू नका.

फुकटात होणारी तपासणी

बॅटरी (विजेरी), छोटा आरसा आणि चिंधी घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं. पाइप पुसू नका, आधी बघा, कारण भुकटीची रेघ हीच गळतीची खूण असते. फ्लँजपासून सुरुवात करून टेलपाइपपर्यंत प्रत्येक वेल्ड, ब्रॅकेटचा प्रत्येक पाय आणि ईजीटी सेन्सरसाठी वेल्ड केलेला बॉस नीट बघा. बॉसची जागा बरेच जण विसरतात. तिथं जाड धातू पातळ पाइपला जोडलेला असतो आणि तडा बहुधा त्याच्या पायथ्याशी सुरू होतो.

टेलपाइपमध्येही डोकवा. पावसाळ्यात विमान महिनोन्महिने शेडमध्ये उभं राहतं आणि कुंभारीण माशी पाइपच्या तोंडात मातीचं घर बांधते. अडथळा आहे म्हणून सायलेन्सर कापायला निघालेल्यांनी आधी तोंडातली माती बघावी. उभं विमान ठेवताना तोंडाला लाल फडकं लावलेला बूच घाला, आणि तो काढायची नोंद चेकलिस्टमध्ये ठेवा.

पाइपला हीट रॅप गुंडाळलेला असेल तर तो काढा. माझं मत याबाबत पक्कं आहे: विमानाच्या एक्झॉस्टवर रॅप नको. काउलमधली उष्णता कमी होते हे खरं, पण ती उष्णता पाइपच्या धातूतच कोंडते, पावसाळी ओल आत धरून राहते आणि तडा झाकला जातो. जवळच्या वस्तू वाचवायच्या असतील तर पाइपपासून अंतर राखून स्टेनलेसचा पत्रा आडवा लावा.

मग नट. नायलॉनचा रिंग असलेले लॉकनट इथं लावलेले दिसले तर लगेच बदला, नायलॉन वितळून गेलेलं असतं आणि नट नुसता सवयीनं बसलेला असतो. पूर्ण धातूचे लॉकनट आणि निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) वापरा. बाजारात शीटमधून कापून मिळणारी साधी गॅस्केट काही तापण्या-निवण्यांतच चुरते. मग फ्लँज ढिला होतो, थरथरतो, आणि तडा पडतो तो मात्र पुढच्या वेल्डला. त्यामुळे दोष वेल्डचा वाटतो.

गळती नक्की करायला व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावून टेलपाइपला चिंध्यांनी घट्ट बसवा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. स्लिप जॉइंटला (एकात एक सरकणाऱ्या पाइपांच्या जोडाला) थोडे बुडबुडे येणारच, तो जोड गरम झाल्यावर आवळतो. वेल्डवर किंवा सरळ पाइपवर बुडबुडा आला तर तो तडाच. हीटरच्या आवरणाच्या आत बुडबुडे दिसले तर पुढची तपासणी करत बसू नका, थेट शेवटच्या भागाकडे या.

पाइपला हलायला जागा आहे का

इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा, पैसे लागत नाहीत. स्टेनलेस स्टील तापलं की बरंच वाढतं. ६० सेंटीमीटरचा पाइप ७०० अंशांनी तापला तर साधारण साडेसात मिलिमीटर लांबतो. ही लांबी कुठंतरी जायलाच हवी. एक टोक इंजिनाला आणि दुसरं फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) किंवा फ्रेमला पक्कं धरलेलं असेल तर ती लांबी सगळ्यात कमजोर वेल्डमध्ये जाते.

बघायची पद्धत सोपी. इंजिन थंड असताना शेवटचं ब्रॅकेट सोडा. पाइप जागेवरून उसळून बाजूला गेला, तर तो बसवतानाच ओढून बसवला होता, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच त्यात ताण होता. मग फ्लँजचे नट सोडा. फ्लँज स्टडवरून नुसत्या हातानं मागेपुढे सरकला पाहिजे. हातोडीनं ठोकून काढावा लागत असेल तर तो वाकलाय किंवा भोकं लहान आहेत. काढलेल्या फ्लँजवर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवा आणि फीलर गेजनं फट मोजा. दोन्ही पोर्टना मिळून एकच पट्टी असलेला फ्लँज वाकण्याची शक्यता जास्त, कारण पट्टी लालबुंद होण्याच्या बेतात असते आणि तिच्यामागचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग पाण्यानं थंड राहतं. दोघांचं वाढणं जुळत नाही. असा फ्लँज दोन पोर्टच्या मधोमध कापून वेगळा केला की स्टडवरचा आणि वेल्डवरचा ताण लगेच उतरतो. ग्राइंडरचं दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानं अनेकांचा त्रास कायमचा गेलेला आहे.

सायलेन्सरचा आधार इंजिनाकडूनच यायला हवा. इंजिन रबरी माउंटवर डोलतं, विमानाचा सांगाडा डोलत नाही. हेडर इंजिनाला आणि सायलेन्सर सांगाड्याला बांधला की मधला पाइप प्रत्येक सुरू-बंदला पिळला जातो. इंजिनाकडून आधार देणं जमतच नसेल तर मधे बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा जोड) द्या, स्प्रिंग स्टेनलेसच्या आणि पाइपपासून जरा दूर, वर सेफ्टी वायर. स्लिप जॉइंट असेल तर आतला पाइप वायूच्या दिशेनं तोंड करून असावा, म्हणजे वायू सांध्यात घुसत नाही. उलटा बसवलेला स्लिप जॉइंट काजळीनं भरतो, भरला की जाम होतो, आणि जाम झालेला स्लिप जॉइंट असून नसल्यासारखा. म्हणून दर तपासणीला तो हातानं फिरवून बघा.

पाइप इतका का तापतोय

पाइप मोकळा आहे, तरी तडकतो किंवा पत्रा पातळ होऊन फुगतो, तर दोष एक्झॉस्टच्या आधी, इंजिनात शोधा.

पहिला संशय इग्निशनवर. १३बीमध्ये प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग. ज्वलनाचा मुख्य भार लीडिंगवर. त्याची कॉइल किंवा वायर दगा देत असेल तर इंजिन ट्रेलिंगवर चालत राहतं, ताकद थोडी कमी वाटते, आणि न जळालेला वायू पाइपमध्ये जाऊन जळतो. माणूस वेल्डरकडे येतो, दोष मात्र कॉइलचा असतो. तपासणी अशी: जमिनीवर मध्यम आरपीएमला ट्रेलिंग बंद करून बघा, आरपीएम थोडेच पडतील. ते चालू करून लीडिंग बंद करा, जास्त पडतील आणि ईजीटी चढेल. लीडिंग बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही, तर ते आधीपासूनच काम करत नव्हतं. ही चाचणी काही सेकंदांतच उरका. आणि मोठ्या आरपीएमला पूर्ण इग्निशन बंद करून पुन्हा चालू करू नका. पाइपमध्ये साठलेलं मिश्रण पेटून सायलेन्सर शिवणीतून उसवतो.

दुसरं टायमिंग. मागे सरकलेलं टायमिंग ज्वलन उशिरा संपवतं आणि उष्णता पाइपला देतं. टायमिंग लाइट लावा, अंदाजानं बोलू नका.

तिसरं मिश्रण. इथं आपल्याकडची एक गोष्ट महत्त्वाची आहे. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे बिनइथेनॉल पेट्रोलवर बसवलेला जुना इंजेक्शन मॅप (किती इंधन सोडायचं याचा तक्ता) तसाच ठेवला तर मिश्रण आपोआप पातळ (इंधन कमी, हवा जास्त) होतं. इंजिन पूर्वी भरपूर जाड चालत असेल, तर पातळ होता होता ते सर्वाधिक ईजीटीच्या जवळ येऊन बसतं. इंधन कुठून आणि कोणतं घेतलं हे लॉगबुकात लिहीत जा, नाहीतर उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली ईजीटी तुम्ही एकमेकींशी ताडून बघाल आणि त्यातून काहीच हाती लागणार नाही.

ईजीटीचा सेन्सर दोन्ही पाइपांवर पोर्टपासून सारख्याच अंतरावर हवा. एक ५० मिलिमीटरवर आणि दुसरा १५० वर असेल तर दिसणारा फरक इंजिनाचा की जागेचा, हे कळत नाही. शंका असेल तर दोन सेन्सर आपसात बदला. फरक सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर रोटरकडे बघा. माझदा आरएक्स-८ गाडीचं रेनेसिस इंजिन असेल तर हिशोब वेगळा: त्यात मधलं एक्झॉस्ट पोर्ट दोन्ही रोटरना सामाईक आहे, त्यामुळे मधला पाइप बाजूच्या दोघांपेक्षा जास्त भाजतो. तो इतरांपेक्षा जाड घ्या.

अडथळा

आरपीएम पडलेले आहेत आणि इग्निशन ठीक आहे, तर पाइपमधला दाब मोजा. सेन्सरच्या बॉसला मीटरभर तांब्याची नळी वेटोळं करून जोडा, म्हणजे गेजपर्यंत उष्णता पोचत नाही, आणि पुढे ० ते १० पीएसआयचा गेज. फुल थ्रॉटलला दोन पीएसआयच्या वर गेला की मी सायलेन्सर संशयित धरतो. गेज नसेल तर सायलेन्सर काढून, कानाला संरक्षण लावून, ज्वाळा कशालाही लागणार नाही याची खात्री करून थोडा वेळ चालवा. आरपीएम परत आले तर उत्तर मिळालं. आत ग्लासवूल भरलेले गाडीचे सायलेन्सर रोटरीच्या धक्क्यांपुढे टिकत नाहीत. वूल आधी उडून जातं, मग पातळ जाळी जळते, आणि एक दिवस तीच आडवी पडते.

धातू खरंच तोच आहे का

दुकानदारानं ३०४ (स्टेनलेसची चांगली जात) म्हणून दिलेला पाइप २०० सिरीजचा (स्वस्त जातीचा) निघणं ही नवलाईची गोष्ट नाही. दोन्ही चमकतात, लोहचुंबक दोघांनाही धरत नाही. भंगारवाले वापरतात ते टेस्टिंगचं लिक्विड २०० सिरीज ओळखून देतं. पण ३०४ आणि ३२१ मधला फरक त्यानं कळणार नाही, त्यासाठी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये पीएमआय (गननं धातूतले घटक ओळखायची तपासणी) करून घ्या. गनमध्ये टायटॅनियम दिसलं तर ३२१.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? ३०४ साधारण ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो, आणि वेल्डच्या कडेचा पट्टा कमजोर होतो. तुमचा पाइप प्रत्येक उड्डाणात नेमक्या याच पट्ट्यातून जातो. ३२१ मध्ये टायटॅनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं. म्हणून पोर्टपासून पहिला हात-दीड हात तरी ३२१, जाडी १६ गेज. बजेट असेल आणि वेल्डर मिळत असेल तर तिथं इन्कोनेल ६२५ (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) उत्तम. पुढे टेलपाइपला ३०४ चालतं. वजन वाचवायला पोर्टपाशी २० गेज लावलेलं मी बघतो तेव्हा मालकाला स्पष्ट सांगतो की वजन दुसरीकडे वाचवा.

वेल्ड करायचाच असेल तर

तड्यावर वरून मणी ओढू नका. आत काजळी असते, विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल वापरलं असेल तर शिशाची राखही असते. ती राख विषारी आहे, घासताना मास्क लावा. तडकलेला तुकडा दोन्ही बाजूंना चांगला धातू लागेपर्यंत कापून नवा तुकडा बसवा. तड्याच्या टोकाला भोक पाडून वेळ मारून नेणं जमिनीवरच्या यंत्राला कदाचित चालेल, उडणाऱ्याला नाही.

३२१ ला ३४७ ची रॉड घ्या. ३२१ ची रॉड वापरली तर तिच्यातलं टायटॅनियम आर्कमध्येच जळून जातं. पाइपच्या आतून आर्गन भरल्याशिवाय टॉर्च लावू नका. वाइनरीच्या पाइपला आतून खडबडीत काळा वेल्ड चालत नाही म्हणून नाशिकमधले बरेच टिग वेल्डर पर्जिंग (पाइपमध्ये आर्गन भरणं) रोज करतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठा. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून खालच्या टोकानं सोडा आणि वरच्या टोकाला छोटं भोक ठेवा. वेल्ड झाल्यावर आत बघा: चंदेरी किंवा फिकट सोनेरी हवा. जळक्या साखरेसारखे काळे दाणे दिसले तर तो जोड पुन्हा कापायचा. तडा तिथूनच सुरू होणार.

ब्रश स्टेनलेसचा, आणि तो कधीही साध्या लोखंडावर न फिरवलेला. पाइपवर खूण करायला पेन्सिल वापरू नका, आणि गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प किंवा जस्ताचा मुलामा असलेली अवजारं त्याला लावू नका. शिसपेन्सिलीतला कार्बन आणि जस्त, दोन्ही तापल्यावर स्टेनलेसमध्ये शिरतात आणि तिथंच पाइप ठिसूळ होतो.

नंतर डीपी टेस्ट (तड्यात रंग शिरवून तो दाखवणारी) करा. खर्च किरकोळ आहे आणि डोळ्यांना न दिसणारी रेघ तीच दाखवते.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

तडा हीटरच्या आवरणाखाली असेल तर स्वतः काही करू नका. ते काम दुरुस्तीनंतर दाबाखाली तपासून घ्यावं लागतं, आणि ते लायसन्सधारक विमान देखभाल अभियंत्यानं बघूनच बंद व्हायला हवं.

नीट कापून, पर्जिंग करून केलेला वेल्ड त्याच जागी दुसऱ्यांदा तडकला तर तिसरा करू नका. आता मांडणी चुकलेली आहे, एक्झॉस्ट नव्यानं आखावा लागेल.

स्टडचा आटा ॲल्युमिनियममधून निघून आला, हाउसिंगवरच रेघ दिसली किंवा पोर्टमधला स्लीव्ह ढिला झाला, तर ते इंजिन उघडणाऱ्याचं काम आहे. तुटलेल्या स्लीव्हचा तुकडा पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन अडकू शकतो.

एका रोटरची ईजीटी इग्निशन, टायमिंग, इंजेक्टर आणि सेन्सर तपासूनही वरच राहिली तर कॉम्प्रेशन टेस्ट लागेल. रोटरीसाठी एका रोटरचे तिन्ही चेंबर वेगळे दाखवणारा टेस्टर लागतो, पिस्टनचा साधा गेज पुरत नाही.

पातळ इन्कोनेलवर पहिल्यांदाच हात साफ करायचा विचार असेल तर तो टाका. नाशिकजवळच्या ओझरला १९६० च्या दशकापासून लढाऊ विमानं बनतात, त्यामुळे हे काम आयुष्यभर केलेले हात या भागात आहेत, विचारत गेलात तर सापडतात. विमानाला डीजीसीएची (विमान वाहतूक महासंचालनालयाची) उड्डाण परवानगी असेल तर एक्झॉस्टमधला बदल कागदावर नोंदवून, तपासून घेतल्याशिवाय उडू नका.

जाणकाराकडे जाताना नुसता पाइप नेऊ नका. ईजीटीच्या नोंदी, इंधनाच्या नोंदी, ब्रॅकेट सोडल्यावर पाइप किती आणि कुठल्या बाजूला सरकला त्याचा फोटो, आणि कापून काढलेला तुकडा न्या. त्या तुकड्याची तुटलेली कड घासू नका, धुऊ नका, दोन कडा एकमेकींवर घासून जुळवून बघू नका. कापडात गुंडाळून तशीच न्या, कारण तडा आतून सुरू झाला की बाहेरून, एकदम गेला की हळूहळू सरकला, हे त्या कडेवरच वाचता येतं.